पहिले क्रेडिट कार्ड निवडताना...

नोकरीचा पहिला पगार खात्यात जमा होतो आणि काही दिवसांतच दूरध्वनी सुरू होतात. आपल्यासाठी ‘आजीवन मोफत’ कार्ड मंजूर झाल्याची बातमी पलीकडचा मधाळ आवाज देत असतो. मॉलच्या दाराशी, आयटी पार्कच्या उपाहारगृहात, रेल्वे स्थानकाबाहेर मांडलेल्या टेबलांवरही हाच आग्रह होतो. अशा वेळी बहुतेक तरुण एकच प्रश्न विचारतात, सवलती कोणत्या मिळतील? पहिले कार्ड घेणाऱ्याने त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. एखाद्या महिन्यात पूर्ण पैसे भरता आले नाहीत, तर हे कार्ड किती महागात पडेल? कार्डाची खरी किंमत या प्रश्नाच्या उत्तरात दडलेली असते.

वाण्याच्या वहीपासून कार्डापर्यंत

उधारी मराठी मध्यमवर्गाला नवी नाही. महिनाभर वाण्याच्या वहीत मांडलेला हिशेब पगार झाला की चुकता करायचा, ही पद्धत अनेक घरांत होती. क्रेडिट कार्ड ही त्याच वहीची आधुनिक आवृत्ती आहे. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये असे कार्ड आणले. डेबिट कार्डाने खर्च केला की आपल्याच खात्यातील रक्कम तत्क्षणी वजा होते. क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मात्र बँकेचे कर्ज असते. ते ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण फेडले तर व्याज पडत नाही.

या बिनव्याजी मुदतीचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि ते भरण्याची अंतिम तारीख २५ आहे. ६ जून रोजी केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येईल आणि २५ जुलैपर्यंत भरता येईल, म्हणजे ४९ दिवसांची सवलत मिळाली. तीच खरेदी एक दिवस आधी, ५ जूनला केली आणि ती त्याच दिवशीच्या बिलात आली, तर सवलत केवळ २० दिवसांची. जाहिरातीतील ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ हे आश्वासन प्रत्येक खरेदीला लागू नसते, ते यामुळे.

हजार रुपयांची बाकी, बाराशेचा आकार

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आकारले जाणे नेहमीचे आहे. हा आकडा लहान दिसतो. पण वर्षाचा हिशेब केला तर तो ४२ टक्के होतो. शिवाय व्याजावर आणि शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. गृहकर्जाशी तुलना केली तर हा दर कित्येक पटींनी अधिक आहे. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे या निर्णयाच्या आधारे ग्राहकाला मिळू शकणारे संरक्षण उरलेले नाही.

आता एक उदाहरण पाहू. एका तरुणाने १० जून रोजी २० हजार रुपयांचा भ्रमणध्वनी संच कार्डावर घेतला. २५ जुलैला त्याने १९ हजार भरले आणि हजार रुपये पुढील महिन्यासाठी ठेवले. व्याज हजार रुपयांवरच लागेल, अशी त्याची समजूत. परंतु बहुतेक कार्डांच्या अटींनुसार बिल पूर्ण भरले नाही तर बिनव्याजी मुदतच रद्द होते. मग पूर्ण २० हजारांवर खरेदीच्या दिवसापासून ४५ दिवसांचे व्याज लागते. वार्षिक ४२ टक्के दराने ते सुमारे १,०३६ रुपये होते. करासह १,२२२ रुपये. हजार रुपये मागे ठेवण्याची किंमत हजारांहून अधिक! त्यातच जुने बिल पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हा असाच आणखी एक सापळा. समजा, थकबाकी ३० हजार रुपये आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,५०० रुपये भरली. उरलेल्या २८,५०० रुपयांवर महिन्याचे व्याज व कर मिळून सुमारे १,१७७ रुपये होतात. म्हणजे दीड हजार भरूनही कर्ज कमी झाले ते अवघ्या ३२३ रुपयांनी. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. कार्डावर एटीएममधून रोख रक्कम काढली तर बिनव्याजी मुदत मुळीच मिळत नाही. शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

जामीनदाराच्या जागी अहवाल

इतका धोका असेल तर कार्ड घ्यावेच कशाला, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. तो रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पतसंस्थेतून कर्ज काढताना पूर्वी दोन जामीनदार शोधावे लागत. आज बँक कर्जदाराचा पतअहवाल मागते. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ चा आहे. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या अशी माहिती ठेवतात. कर्जफेडीच्या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यान पतगुणांक ठरतो. ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही, त्याची नोंदच नसते. बँकेच्या लेखी तो अनोळखी असतो. पहिले कार्ड नीट वापरले तर दोन-तीन वर्षांत अशी नोंद तयार होते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी ती उपयोगी पडते. उलट बेफिकिरीने बुडवलेले चार-पाच हजार रुपयेही त्याच अहवालात वर्षानुवर्षे दिसत राहतात.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कार्ड घेतल्यानंतर सहा-आठ महिन्यांनी तो अवश्य मागवावा व आपल्या नावावर न घेतलेले कर्ज दिसत नाही ना, हे पाहावे. एकाच वेळी चार बँकांकडे अर्ज करणे टाळावे. प्रत्येक अर्जासोबत होणारी चौकशी अहवालात नोंदली जाते आणि अर्जदार कर्जासाठी घायकुतीला आल्याचे चित्र उभे राहते.

पगार नसेल तर?

पगारदारांसाठी अनेक बँका वयाची अट २१ वर्षे ठेवतात आणि ठरावीक उत्पन्नाचा पुरावा मागतात. विद्यार्थी, नुकतेच नोकरीला लागलेले किंवा स्वतःचा व्यवसाय नव्याने सुरू करणारे यांच्यासाठी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड हा सोयीचा मार्ग आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना ते काही बँका देतात. पतमर्यादा ठेवीच्या प्रमाणात ठरते आणि ठेवीवरील व्याज सुरूच राहते. बिल थकले तर बँक ठेवीतून रक्कम वळती करू शकते, हे मात्र विसरू नये.

आई-वडिलांच्या कार्डावर मिळणारे पूरक कार्डही असते. त्याचे बिल मुख्य कार्डधारकाच्या नावावर येते आणि फेडीची नोंदही सर्वसाधारणपणे त्याच्याच अहवालात होते. खर्चाची सोय म्हणून ते ठीक. स्वतःची पत उभारण्यास त्याचा उपयोग होत नाही.

कोणते कार्ड घ्यावे?

पुढील मुद्दे कागदावर मांडून दोन-तीन कार्डांची तुलना करावी.

वार्षिक शुल्क : पहिले कार्ड शक्यतो विनाशुल्क असावे. ‘पहिले वर्ष मोफत’ आणि ‘आजीवन मोफत’ यांत फरक आहे. ठरावीक खर्च केल्यास शुल्क माफ, अशी अट असेल तर तेवढा खर्च आपण एरवी केला असता का, हे स्वतःला विचारावे.

व्याज व दंड : मासिक नव्हे, वार्षिक दर विचारावा. विलंब शुल्काचे कोष्टक पाहावे. अर्जासोबत एक पानी मुख्य माहितीपत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे.

पतमर्यादा : मोठी मर्यादा ही प्रतिष्ठा नव्हे. एका पगारात सहज फेडता येईल एवढाच खर्च करावा. मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंतच वापर ठेवावा, असे सांगितले जाते.

सवलती : आपल्या नेहमीच्या खर्चाशी जुळणाऱ्या असाव्यात. वर्षातून एकदा विमानप्रवास करणाऱ्याला विमानतळावरील विश्रांतिकक्षापेक्षा किराणा, इंधन वा वीजबिलावरील परतावा अधिक कामाचा. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांनाही भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात मिसळलेले असते.

जाळे : १० लाखांहून अधिक वापरातील कार्डे असलेल्या बँकांनी रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड अशा जाळ्यांपैकी निवडीची मुभा ग्राहकाला द्यावी, असा नियम ६ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. सोय मोठी, पण चहा आणि भाजीही उधारीवर जाऊ लागते, आणि महिनाअखेरीस बिल पाहून डोळे पांढरे होतात.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसंबंधीचे नियम एकत्र केले. संमतीशिवाय कार्ड देण्यास मनाई आहे. असे कार्ड परस्पर सुरू करून त्याचे बिल लावले, तर बँकेला आकारणी मागे घ्यावी लागते आणि तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. बिल पाठवल्यापासून ते भरण्यासाठी किमान १४ दिवस मिळायला हवेत. थकबाकी तीन दिवसांहून अधिक काळ राहिली, तरच विलंब शुल्क लावता येते; मात्र तेव्हा दिवस मूळ अंतिम तारखेपासूनच मोजले जातात. बाकी शिल्लक नसताना कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर ती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण व्हावी. अन्यथा दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

फसवणुकीच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, बँकेचा अधिकारी म्हणवणाऱ्यालाही सांगू नये. अनोळखी व्यवहाराचा संदेश येताच कार्ड बंद करावे, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर नोंद करावी.

पहिले सहा महिने

कार्ड हाती आल्यावर सर्वप्रथम बचत खात्यातून बिलाची पूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला द्यावी. अर्जात ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात. घाईत चुकीच्या चौकटीत खूण केली, तर बिल वेळेवर भरत असल्याच्या समाधानात व्याज वाढत राहते. पहिले सहा महिने कार्डावर केवळ वीजबिल, पेट्रोल असे एक-दोन ठरलेले खर्चच करावेत आणि प्रत्येक बिल ओळीओळीने वाचावे. वाण्याची वही दर महिन्याला आईच्या नजरेखालून जात असे. कार्डाचे बिल ज्याचे त्यानेच पाहायचे असते, आणि ते पाहण्याची सवय लागेपर्यंत दुसऱ्या कार्डाचा विचार करू नये.