रस्ता खणण्याचा हक्क

रस्ता हा चालणाराचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु गेल्या दोनशें वर्षांत मोठ्या शहरांतील रस्त्याला खालच्या बाजूस आणखी एक मजला फुटला आहे. वर माणसें व गाड्या. खालीं पाण्याचे व गॅसचे नळ, गटारें, तारा. ह्या खालच्या मजल्यास जिना नाहीं. वरची जमीन फोडूनच तेथें उतरावें लागतें. ती फोडण्याचा अधिकार कोणाचा, आणि फोडली असतां वाटसरूचा जो वेळ फुकट जातो तो कोणाच्या नांवें मांडावयाचा, ह्या वादाचा इतिहास लंडन शहरांत जितका लांबलचक सांपडतो तितका अन्यत्र क्वचितच सांपडेल. आज डांबर पडावें व उद्यां त्यावर कुदळ पडावी, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. म्हणून त्या इतिहासाकडे त्यांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत पाणी पुरविणें हा खासगी कंपन्यांचा धंदा होता. न्यू रिव्हर ही त्यांतील वडीलधारी कंपनी. तिचा कालवा १६१३ सालचा. तिच्या जोडीस १८०६ सालीं वेस्ट मिड्लसेक्स व १८११ सालीं ग्रँड जंक्शन ह्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि गिऱ्हाइकें ओढण्यासाठीं एकाच रस्त्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे नळ शेजारीं शेजारीं पुरले जाऊं लागले. १८१२ सालीं गॅस कंपनीस सनद मिळाली व आणखी एका चराची भर पडली. स्पर्धेनें माल स्वस्त होतो हें अर्थशास्त्राचें वचन खरें असेल. पण ह्या स्पर्धेचा भार फरसबंदीनें वाहिला. अखेर १८१७ च्या सुमारास पाणीवाल्या कंपन्यांनीं आपसांत शहराचे भाग वाटून घेतले. हा तह वाटसरूची कींव येऊन झाला नाहीं. तिजोऱ्या रित्या होऊं लागल्या म्हणून झाला.

ह्यावर एक उपाय तेव्हांच सुचला होता. रस्त्याखालीं माणूस उभा राहील एवढें भुयार बांधावें, सर्व नळ त्यांतून न्यावे, व दुरुस्ती आंतल्या आंत करावी. जॉन विल्यम्स नामक गृहस्थानें ह्या विषयावर १८२८ सालीं एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. कल्पना उत्तम होती, परंतु ती अमलांत आणील असा धनी शहरास नव्हता. तो मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्सच्या रूपानें १८५५ च्या कायद्यानें मिळाला. बोर्डाचे एंजिनियर जोसेफ बॅझल्जेट ह्यांनीं गॅरिक स्ट्रीट, सदर्क स्ट्रीट असे नवे रस्ते काढतांना त्यांखालीं नळांचीं भुयारें बांधलीं. १८७० सालीं खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटखालीं तर गटार, आगगाडी व नळांचें भुयार ह्या तिन्हींची सोय एकाच बांधकामांत झाली.

आतां कंपन्या आनंदानें भुयारांत उतरल्या असतील असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. जुने नळ काढून नवे घालण्याचा खर्च कोण करणार, हा एक प्रश्न. आणि बंद जागेंत गॅस सांठून भडका उडेल, ही दुसरी भीति. भुयारें तयार, पण नळ बाहेरच, हा तिढा सोडविण्यास पार्लमेंटास कायदे करावे लागले. १८९३ चा लंडन कौंटी कौन्सिलचा कायदा त्यांतलाच. शिवाय भुयाराची सोय नव्या रस्त्यास. जुन्या गजबजलेल्या रस्त्यांत तें बांधावयाचें म्हणजे रोगापेक्षां औषध भयंकर! अशा प्रचंड खोदकामाची चव लंडनकरांनीं १८६० ते १८६३ ह्या वर्षांत घेतली होती. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत, सुमारें पावणेचार मैल, जमिनीखालची पहिली आगगाडी नेण्यासाठीं भर रस्त्यांत खंदक खणून तो वरून झांकण्यांत आला, आणि १८६२ च्या जूनमध्यें फ्लीट नदीचें गटार फुटून त्यांत शिरलें.

गॅसची भीति अनाठायीं नव्हती. होबर्न भागांत टपाल वाऱ्याच्या जोरानें ढकलण्यासाठीं गेल्या शतकाच्याहि पूर्वीं बांधलेला एक जुना बोगदा होता. मूळ उपयोग संपल्यावर त्यांत टपालखात्याच्या तारा आल्या. २० डिसेंबर १९२८ रोजीं त्यांत सांठलेल्या गॅसचा स्फोट झाला, दूरवर रस्ता उलथला व त्यांत एकाचा बळी गेला. गॅस गळत असतां परवानगीचा कागद फिरत बसण्यास सवड नसते. आधीं खणावें, मग विचारावें, हा अपवाद कोणत्याहि शहाण्या कायद्यास ठेवावाच लागतो.

खरी गोम ह्या अपवादांत आहे. १९५० च्या कायद्यानें आगाऊ सूचना व नकाशे देण्याचें बंधन घातलें आणि तांतडीच्या कामास त्यांतून मोकळें ठेवलें. मग जें काम उशिरां आठवलें तें तांतडीचें, असें म्हणण्याचा मोह कोणास होणार नाहीं? १९९१ च्या कायद्याची रचना ह्या दृष्टीनें आम्हांस विशेष मार्मिक वाटते. माणसांस किंवा मालमत्तेस असलेला वा होऊं घातलेला धोका टाळण्यासाठीं केलेलें तेंच तांतडीचें. खटला उभा राहिल्यास तसें सिद्ध करण्याची जबाबदारी तसें म्हणणाराची. आणि त्याच चरांत उरकून घेतलेलें दुसरें काम जर वेगळें काढतां येण्याजोगें असेल, तर तें तांतडीच्या सदरांत मोडत नाहीं. काम सुरू केल्यावर दोन तासांच्या आंत कळवावें, असाहि नियम झाला. चर बुजविण्याचें कामहि ह्याच कायद्यानें खणणारावर सोंपविलें. पूर्वीं खणणारानें तात्पुरतें बुजवावें व रस्त्याच्या मालकानें पक्कें करावें, अशी दुहेरी तऱ्हा होती. दोघांच्या मध्यें खड्डा तसाच राही. प्रोफेसर हॉर्न ह्यांच्या कमिटीनें १९८५ सालीं नेमका हाच दोष दाखविला होता.

एवढें होऊनहि वाटसरूच्या वेळाची किंमत हिशेबांत आली नव्हती. २००४ च्या कायद्यानें रहदारी चालू ठेवणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें व त्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावयास लावला. २०१२ पासून लंडनच्या अतिगर्दीच्या रस्त्यांवर तर गर्दीच्या वेळीं जागा अडविणारास दिवसास अडीच हजार पौंडांपर्यंत भाडें पडूं लागलें. हें भाडें तांतडीच्या कामासहि सर्वस्वीं माफ नाहीं. भाड्याचा धाक पडतांच, दोन शतकें ज्या युक्त्या सुचल्या नव्हत्या त्या सुचूं लागल्या: दिवसा चरावर जाड पोलादी पत्रे टाकून वरून गाड्या जाऊं द्याव्या, रात्रीं पत्रे उचलून काम करावें, लवकर घट्ट होणारें काँक्रीट वापरावें. ह्या योजनेंत एक नवी तक्रार मात्र उपजली. रात्रीं रस्ता फोडावा तर दोन्ही बाजूंच्या घरांतील माणसांनीं झोंपावें कसें? म्हणून फोडण्याचें कर्कश काम संध्याकाळीं आटोपून रात्रीं नळ जोडण्याचें मुकें काम करावें, अशी वांटणी तेथें करावी लागते; आणि नळ फुटलाच मध्यरात्रीं, तर तीहि राहत नाहीं.