खड्डा की टेकडी?

आज डोळ्याच्या आतल्या एका चकतीची गोष्ट. कामामुळे मी ती रोज स्क्रीनवर बघतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा नारिंगी फोटो असतो, त्यात एक पिवळसर गोल. तिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते. गोलाच्या मधोमध छोटा खळगा असतो. काचबिंदूत नसेचे तंतू मरत जातात आणि खळगा रुंदावतो. आमचं सॉफ्टवेअर त्याची कड शोधतं.

गंमत म्हणजे काचबिंदूतला हा खळगा पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो खळगा वाटलाच नव्हता!

जिवंत डोळ्यात डोकवायचं तर उजेड आणि आपली नजर एकाच वाटेने आत जायला हवी. नाहीतर आपलंच डोकं उजेड अडवतं. १८४७ मध्ये चार्ल्स बॅबेजने (हो, तोच, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा पणजोबा) आरशाचा मुलामा मधे दोन-तीन ठिकाणी खरवडला आणि तिथून बघायची सोय केली. वॉर्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञाला ते उपकरण दाखवलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, विषय संपला. डेमो फसला की काय होतं, ते आम्हाला विचारा. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने स्वतंत्रपणे ऑफ्थाल्मोस्कोप बनवला, तो मात्र सगळीकडे पोचला.

१८५४ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने काचबिंदूतली चकती पाहिली आणि ती सुजून वर आलीय असं लिहिलं. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफेही तेच म्हणाला. एका डोळ्याने बघताना खोली नीट कळत नाही. चंद्राच्या फोटोत खड्डे कधी टेकड्यांसारखे दिसतात ना, तसंच.

ग्रेफे तेव्हा २६ वर्षांचा होता, माझ्याहून लहान. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं म्हणणं मागे घेतलं: टेकडी नाही, खड्डा आहे. इथे सगळं फिरलं. सूज असती तर दाहावर उपचार. खड्डा असेल तर आतला दाब नसेला मागे रेटतोय. १८५७ मध्ये त्याने आयरिसचा तुकडा काढून दाब उतरवायची शस्त्रक्रिया मांडली. अचानक उठणाऱ्या काचबिंदूत तिने नजर वाचू लागली.

माझ्या आजीचा काचबिंदू असा अचानक उठला नाही. तो गुपचूप आला. "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," म्हणत घरात दोन वर्षं गेली. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता उरलेल्या डोळ्यात रोज रात्री थेंब.

१९९१ मध्ये ओसीटी आलं. प्रकाश वापरून पडद्याचा उभा छेद दिसायला लागला, तोही सुमारे १० मायक्रॉनच्या बारकाव्याने. तिथे खड्डा-टेकडीचा प्रश्नच नाही. पण ते मशीन महाग, म्हणून गावोगावच्या तपासणीला सपाट फोटोच सोयीचा. आणि त्यावर दोन डॉक्टरांनी काढलेल्या खळग्याच्या कडा आजही बरेचदा जुळत नाहीत. अशा वेळी मी रंग सोडून रक्तवाहिन्यांकडे बघतो. खळग्यात उतरताना त्या कडेवर वाकतात.