घाट नसलेले नदीकाठचे शहर

नदीकाठचे गाव म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घाट येतो. वाई असो, नाशिक असो, पैठण असो की पंढरपूर, गावाचे तोंड नदीकडे असते. पायऱ्या पाण्यात उतरतात, देवळांच्या सावल्या पाण्यावर पडतात, आणि पाहुण्याला पहिल्यांदा तिथेच नेतात. ही सवय बरोबर घेऊन चेन्नईला गेलेला प्रवासी मरीना पाहतो, मैलापूरच्या कपालीश्वराला जातो, टी. नगरात साड्या घेतो आणि महाबलीपुरमची गाडी पकडतो. या धावपळीत तो कूवम आणि अड्यार या दोन नद्या अनेकदा ओलांडतो, पण बहुतेक वेळा नाकाला रुमाल लावून. घाट नाही म्हणजे इथे नदीला काही महत्त्व नसावे, असा त्याचा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. चेन्नईच्या पोटात लहान लहान नदीकाठची गावे आहेत. या नद्या स्नानापेक्षा कामासाठी वापरल्या गेल्या, म्हणून त्यांना घाट लाभले नाहीत. जुने मद्रास समजून घ्यायचे असेल तर समुद्राकडे पाठ करून या दोन नद्यांच्या काठाने हिंडले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मद्रास हे समुद्राने घडवलेले शहर, इंग्रज समुद्रातून आले, किल्ला समुद्रकाठी बांधला, तेव्हा नदीचा संबंध काय? पण समुद्र हेच आकर्षण असते तर ईस्ट इंडिया कंपनीने ही जागा सोडून दुसरी कुठलीही निवडली असती. इथे नैसर्गिक बंदर नव्हतेच. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगरावी लागत आणि माणसे व माल मसुला नावाच्या, फळ्या काथ्याने शिवलेल्या होड्यांतून लाटांवर आपटत काठावर येई. पाण्यात शिरणारा पहिला धक्का १८६१ मध्ये झाला. पुढे बंदर बांधायला घेतले, तर १८८१ च्या वादळाने ते मोडले. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ हे शहर बंदरावाचूनच व्यापार करत होते. १६३९ मध्ये कंपनीच्या फ्रान्सिस डे याने ही जागा पसंत केली तेव्हा त्याने वरिष्ठांना दिलेले कारण बंदराचे नव्हते, कापडाचे होते: इथे उत्तम लांब कापड इतर ठिकाणांपेक्षा वीस टक्के स्वस्त मिळते, असे त्याने कळवले. स्थानिक नायक सत्ताधाऱ्यांकडून मिळालेल्या त्या वाळूच्या पट्टीवर १६४० मध्ये किल्ला उभा राहू लागला. त्याच्या पूर्वेला समुद्र होता आणि पश्चिमेला एलंबूर नावाची, कूवमला जोडली गेलेली नदी. पश्चिमेच्या बाजूला खंदकाचे काम ही नदीच करत होती. अठराव्या शतकाच्या मध्यात किल्ला पश्चिमेकडे वाढवताना तिचे पात्र हटवावे लागले, यावरून ती किती लगटून वाहत होती ते कळते.

कापडाचा हा धागा धरला की चिंताद्रीपेट समजते. कूवमने तीन बाजूंनी वेढलेला हा पेठेचा भाग १७३४ मध्ये गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिट याने मुद्दाम वसवला. त्याआधी कंपनीचे कापड आतल्या गावांतल्या विणकरांकडून दलालांमार्फत येई. दुष्काळ, लढाई किंवा दलालाची लबाडी यांतले काहीही झाले की माल अडे. विणकर, सूत कातणारे, रंगारी, धोबी असे सगळे एका जागी, आपल्या देखरेखीखाली आणि वळणाऱ्या नदीच्या आडोशाला बसवायचे, हा हिशेब होता. पेठ बसवायची तर देऊळ हवे, म्हणून आदिकेशव पेरुमाळ आणि आदिपुरीश्वर अशी विष्णू-शिवाची जोडदेवळे शेजारी शेजारी उभी राहिली. ती आजही आहेत, आणि आखीव गल्ल्यांचा सांगाडाही बराचसा टिकून आहे. विणकाम मात्र गेले. आता तिथे माशांचा बाजार आहे, दुकाने आणि छोटे कारखाने आहेत. पुण्यात पेशव्यांनी पेठा बसवल्या त्याच काळात, थेट नदीच्या कुशीत, निव्वळ निर्यातीच्या मालासाठी बसवलेली ही पेठ कुठल्याही मराठी वाचकाने तुलनेसाठी म्हणून तरी पाहावी. इथे कोणी म्हणेल, की कापड धुणाऱ्यांची जुनी वस्ती, म्हणजे वण्णारपेट, कूवमपासून दूर उत्तरेला आहे, मग श्रेय नदीला कसे द्यायचे? मुद्दा रास्त आहे. शहराचे सगळे कापड कूवमच्या पाण्यात धुतले गेले, असे कोणी म्हणू नये. पण कंपनीला जेव्हा नवी वस्ती वसवायला मोकळी जमीन होती, तेव्हा तिने समुद्रकाठ न निवडता नदीचे वळण निवडले, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

मराठी वाचकाला हा नदीकाठ पाहायला आणखी एक कारण आहे. या शहराच्या भीतीत आपला मोठा वाटा आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले तेव्हा त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडे विषावर उतारा म्हणून वापरले जाणारे खडे आणि औषधी मागितल्या. गव्हर्नर लँगहॉर्न याने त्या नजराण्यासह पाठवल्या आणि किंमत घेतली नाही. पुढे महाराजांनी तोफा-किल्ल्यांची माहिती असलेली माणसे मागितली, तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत हात झटकले. महाराज जॉर्ज टाउनमधल्या काळिकांबाळ देवळात येऊन गेले, असे देवळाची परंपरा सांगते. भाविकाने ती परंपरा म्हणून मानावी, इतिहास म्हणून पत्रव्यवहार अधिक भरवशाचा. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजेने दामलचेरुवूच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली याला मारले आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेतली, तेव्हा मद्रासची झोप उडाली. भिंती, खंदक आणि नदीचे वळण यांचा विचार नव्याने सुरू झाला. या भीतीचा उत्तरार्ध किल्ल्याच्या नैऋत्येला, कूवमच्या दोन शाखांमधल्या ‘आयलंड’ मैदानावर उभा आहे. तो सर टॉमस मन्रोचा घोडेस्वार पुतळा. १८१८ मध्ये बेळगाव आणि सोलापूर घेणारा हाच मन्रो. शिल्पकार चॅन्ट्रीने घडवलेला आणि १८३९ मध्ये इथे बसवलेला हा पुतळा जवळून पाहावा: घोड्यावर खोगीर नाही, पायांत रिकीब नाही, स्वाराचे पाय मोकळे लोंबतात. शिल्पकार रिकीब विसरला अशी गोष्ट शहरात सांगतात. खोगीर नसेल तर रिकीब कुठे अडकवायची, एवढा विचार केला की हा विसर नसून मुद्दाम केलेली निवड आहे हे दिसते.

अड्यारची गोष्ट वेगळी आहे. कूवमने शहराला कापड आणि संरक्षण दिले. अड्यारने रस्ता आणि निवांतपणा दिला. खोजा पेत्रूस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने १७२६ मध्ये सैदापेटजवळ अड्यारवर स्वतःच्या पैशाने पूल बांधला आणि त्याच्या देखभालीसाठी रक्कमही ठेवली. संत थॉमसच्या टेकडीकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय हा त्याचा हेतू. त्या टेकडीच्या पायऱ्याही त्यानेच बांधल्या. म्हणजे ज्या नदीला स्वतःचा घाट नव्हता, तिच्यावर यात्रेकरूंसाठी पूल उभा राहिला, आणि तोही एका परदेशी ख्रिस्ती सावकाराच्या खर्चाने. जुना पूल जाऊन १९६० च्या दशकात तिथे मरैमलै अडिगळ पूल झाला, पण उस्कानचा लेख कोरलेला दगड राहिला आहे. सैदापेटला तो शोधावा आणि शोधून झाल्यावर तिथली वडाकरी खावी: डाळीचे वडे कुस्करून केलेला हा रस्सा इडली-डोशाबरोबर देतात आणि तो सैदापेटच्याच नावाने ओळखला जातो. नदीच्या मुखाकडे गेले की बंगल्यांचा काठ लागतो. १८८२ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीने अड्यारच्या दक्षिण काठावरची हडलस्टन गार्डन्स विकत घेतली. तिथला शेकडो वर्षांचा वटवृक्ष १९८९ च्या वादळात मुख्य खोड गमावूनही पारंब्यांवर उभा आहे. इथेच आपल्या राजकारणाचा एक धागा आहे. सोसायटीच्या डिसेंबर १८८४ च्या अधिवेशनानंतर तंजावरच्या मराठी घराण्यातले दिवाण बहादूर रघुनाथराव यांच्या मद्रासमधल्या घरी काही मंडळी जमली आणि राष्ट्रीय सभेची कल्पना तिथे रुजली, असे ॲनी बेझंट यांनी पुढे लिहिले. काँग्रेसच्या जन्माचे सारे श्रेय या बैठकीला देणे अनेकांना पटत नाही, आणि ते बरोबरही आहे. मुंबई, पुणे, कलकत्ता इथेही तेच विचार चालू होते. पण १८८७ चे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष होते सर टी. माधवराव, त्याच तंजावरी मराठी समाजातले. मद्रासच्या सार्वजनिक जीवनात ही मंडळी पाहुणी नव्हती.

आता सर्वांत जड आक्षेप. कूवम ही नुसती कामाची नदी होती, हे कूवमच्या वरच्या काठावर गेले की डळमळते. तिरुवेर्काडूला, आणि ज्या गावाच्या नावाने नदी ओळखली जाते त्या कूवम गावाला, प्राचीन शिवमंदिरे आहेत. शैव संतांच्या तेवारम स्तोत्रांत त्यांची गणना होते. शहरातसुद्धा अठराव्या शतकाच्या अखेरीस दानशूर पच्चैयप्पा मुदलियार कूवममध्ये स्नान करून कोमळीश्वराच्या दर्शनाला जात, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे नदीचे पावित्र्य तमिळ माणसाला अनोळखी नव्हते. मग घाट का नाहीत? एक कारण भूगोलाचे. या नद्या पावसाळ्यात फुगतात, इतर वेळी आटतात. मुखाशी वाळूचा बांध साचून पाणी तुंबते आणि मुखाजवळ ते खारे असते. बारमाही स्नानाला लागणारे गोडे, वाहते पाणी इथे भरवशाचे नाही. त्यामुळे देवळाने स्वतःचे पाणी स्वतःजवळ बांधून घेतले. मैलापूरचे कपालीश्वराचे तळे, तिरुवल्लिकेणीचे पार्थसारथीचे तळे हेच इथले घाट. पायऱ्या तिथेच उतरतात, उत्सवमूर्ती तराफ्यावर बसवून तिथेच फिरवतात. दुसरे कारण इतिहासाचे. नदीच्या खालच्या टप्प्यात जेव्हा दाट वस्ती झाली, तेव्हा ती कंपनीच्या गरजांनी झाली. त्या गरजांत पेठ, खंदक, पूल आणि बंगला होते, घाट नव्हता. कूवमकाठची तेवारमची गावे मुखापासून दूर आहेत, हा योगायोग नाही.

शेवटचा आक्षेप वासाचा, आणि तो नाकारता येत नाही. शहराचे सांडपाणी दीर्घकाळ कूवममध्ये जात आले आहे, आणि वरच्या अंगाचे बरेच पाणी पिण्याच्या तलावांकडे वळवले जाते, म्हणून ते वाहून न्यायला प्रवाह उरत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काठाची डागडुजी करून इथे नौकाविहार सुरू केला होता. तो टिकला नाही. पण घाणीचा हा इतिहास मघाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. जी नदी पूजली जाते तिच्या नावाने निदान ओरड तरी होते. गोदावरीच्या, मुठेच्या प्रदूषणावर आपण निदान लाज वाटून बोलतो. कामाच्या नदीचे काम संपले की तिचा नाला होतो. कूवमचे तसे झाले. आणि नाला मानलेली नदी विसरत नाही, हे अड्यारने डिसेंबर २०१५ मध्ये दाखवले: चेंबरंबाक्कम तलावातून सोडलेले पाणी आणि विक्रमी पाऊस यांनी कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट बुडाले. तेव्हा नदी पाहणे हा शौक राहत नाही. शहर कुठे बुडेल आणि का, हे समजण्याचा तो मार्ग ठरतो.

पाहायचे कसे, याचे उत्तर सोपे आहे. सकाळी किल्ल्यातले संग्रहालय आणि १६८० चे सेंट मेरी चर्च पाहावे, मन्रोच्या पुतळ्याला वळसा घालून चिंताद्रीपेटच्या जोडदेवळांत जावे, आणि मग चेन्नई बीचकडून वेळाचेरीला जाणाऱ्या उन्नत लोकलमध्ये बसावे. ही गाडी कूवम ओलांडते, पुढे १८७७-७८ च्या दुष्काळी कामातून दोन नद्यांना जोडणाऱ्या बकिंगहॅम कालव्याच्या कडेने धावते, मैलापूरला थांबते आणि ग्रीनवेज रोडनंतर अड्यारवरून जाते. थोडक्या पैशांत शहराचा सगळा जलमार्ग खिडकीतून दिसतो, आणि कालव्याच्या पात्रातच खांब रोवून रेल्वे नेणाऱ्या शहराला पाण्याची किती किंमत होती, तेही दिसते. संध्याकाळी अड्यारच्या मुखाशी एल्फिन्स्टन पुलाचे जुने बांधकाम पाहावे. आपल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, ज्याचे नाव होते तोच हा लॉर्ड एल्फिन्स्टन. मुंबईच्या आधी तो मद्रासचा गव्हर्नर होता. समुद्र पाहायला मरीना आहेच, आणि तिथे गर्दीही आहे. पण मद्रास कसे झाले हा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने एक पूर्ण दिवस या दोन नद्यांना द्यावा. रुमाल बरोबर ठेवावा, पण तोंड फिरवू नये.