बग्गीचा कोणता पार्ट आधी बदलावा?

जपानमधले शिझुओका हे जुने लाकूडकामाचे शहर. तिथे १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यातून लाकडी मॉडेल आली, मग प्लास्टिकची. १९७६ साली या कंपनीने पोर्शे ९३४ ची रेडिओ कंट्रोलवर चालणारी गाडी बाजारात आणली. तिच्यासाठी योशिओंचे चिरंजीव शुन्साकू यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आतली रचना समजावी म्हणून ती सुटी केली. छोटी गाडी बनवण्यासाठी मोठी गाडी उघडणाऱ्या या माणसाची गोष्ट मला आवडते. आपल्याकडचा कुठलाही चांगला मिस्त्री आधी हेच करील.

१९७९ साली तामियाच्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या बग्ग्या आल्या आणि खेळ गुळगुळीत रस्त्यावरून मातीत उतरला. पण या गाड्यांची मोटर फक्त मागची चाके फिरवीत असे. भुसभुशीत मातीत जोर दिला की मागची चाके जागेवर फिरायची, वळणावर शेपूट बाहेर जायचे, आणि पुढची चाके नुसतीच सोबतीला असायची. चारही चाकांनी जमीन पकडली तर? या प्रश्नातून फोर-व्हील ड्राइव्ह बग्गी जन्माला आली.

मोटर मागे आणि फिरवायची आहेत पुढचीही चाके. मधले अंतर कापायला तीन वाटा होत्या: सायकलसारखी चेन, दातेरी रबरी पट्टा किंवा लोखंडी शाफ्ट. भिवंडी-मालेगावात मागावर काम केलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. चेन मजबूत, पण ती सैल पडते, धूळ खाते, आवाज करते. पट्टा हलका आणि मऊ चालतो, पण त्यात खडा अडकला की दात जातात. शाफ्ट बंदिस्त राहतो आणि टिकतो, पण दोन्ही टोकांना गती काटकोनात वळवावी लागते आणि तिथे थोडा जोर गिअरमध्येच खर्च होतो.

१९८५ साली या वाटा समोरासमोर आल्या. तामियाने आपली पहिली फोर-व्हील ड्राइव्ह बग्गी हॉटशॉट शाफ्टवर बनवली. क्योशोने ऑप्टिमा चेनवर बनवली आणि तिच्यासाठी पट्ट्याचा संच वेगळा विकायला ठेवला. ‘अपग्रेड’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हा संच चांगला नमुना आहे. कारखान्याने एक उत्तर दिले आणि दुसरे उत्तर डब्यात घालून गिऱ्हाइकावर सोडले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार येथे विद्युत बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. फोर-व्हील ड्राइव्ह गटात गिल लोसी ज्युनिअर योकोमोच्या चेनवाल्या डॉग फायटरवर जिंकले.

चेनचे राज्य मात्र टिकले नाही. त्याचे एक मोठे कारण बॅटरीत होते. तेव्हा निकेल-कॅडमियमचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट, आणि तेवढ्यावर पाच मिनिटांची शर्यत पुरवून न्यायची. चेन, गिअर, बुश यांच्या घर्षणात जे जाई ते शेवटच्या फेरीत कमी पडे. म्हणजे त्या काळातली खरी टंचाई ताकदीची नव्हती, साठ्याची होती.

ही टंचाई नेमकी ओळखली इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीने. सेसिल शूमाकर हे रेसिंग इंजिन बनवणाऱ्या कॉसवर्थमध्ये काम केलेले अभियंते. त्यांनी छोट्या गाड्यांसाठी बॉल डिफरन्शियल बनवले. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, ते सांभाळण्याचे काम डिफरन्शियलचे. शूमाकरांनी गिअरऐवजी दोन चकत्यांमध्ये पोलादी गोळ्या दाबून बसवल्या. एक स्क्रू पिळला की पकड घट्ट, सैल केला की मोकळी. पुढे १९८६ मध्ये त्यांची पट्ट्यावर चालणारी कॅट बग्गी आली. १९८७ ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये रोम्सी येथे झाली आणि कॅट घेऊन उतरलेल्या मासामी हिरोसाका या सतरा वर्षांच्या जपानी मुलाने फोर-व्हील ड्राइव्हचा मान मिळवला. जपानमध्ये बग्ग्या बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या असताना जपानी मुलगा इंग्लिश गाडीवर जिंकला! १९८९ साली सिडनीत तो पुन्हा जिंकला. या वेळी गाडी योकोमोची होती, पण तीही पट्ट्यावर चालणारी.

दरम्यान १९८८ मध्ये तामियाने अवान्ते आणली. धातूचे भरपूर भाग, फायबरची चासी, गुंतागुंतीचे सस्पेन्शन. टेबलावर ठेवली तर नजर हटू नये अशी. शर्यतीत मात्र तिला आपल्या किमतीला साजेसे यश मिळाले नाही. १९९१ साली त्याच कंपनीची टॉप फोर्स आली. ती साध्या मँटा रेच्या यंत्रणेवर फायबरची चासी चढवून बनवलेली होती, आणि शर्यतीला अवान्तेपेक्षा जास्त सोयीची. अवान्ते २०११ मध्ये पुन्हा बाजारात आली, ती तिच्या देखणेपणाच्या आठवणीवर.

हा इतिहास मला उकरावा लागला तो भाच्यामुळे. पहिल्या पगारातून त्याने अशाच जुन्या बनावटीची बग्गी घेतली आहे. तो विचारतो, “मामू, आधी मोटर घेऊ की अ‍ॅल्युमिनियमचे आर्म?” माझी बहीण या सगळ्याला सरळ इस्राफ म्हणते, म्हणजे उधळपट्टी. दोघांनाही मी एकच सांगतो: पार्ट निवडायचा तर गाडीची टंचाई कुठे आहे ते आधी शोधा.

टंचाई बहुधा सगळ्यात खाली असते. जमिनीला टेकतात ते फक्त टायर. मऊ मातीला उंच काट्यांचे, कोरड्या कडक जमिनीला बारीक दाण्यांचे. इथे चूक असेल तर वरची सगळी खरेदी वाया. त्यानंतर बेअरिंग. जुन्या किटमध्ये चाकांवर बऱ्याचदा प्लास्टिकचे किंवा पितळी बुश येत. त्या जागी अकरा मिलीमीटर बाहेरच्या आणि पाच मिलीमीटर आतल्या व्यासाचे बॉल बेअरिंग बसवले की तीच मोटर, तीच बॅटरी, पण गाडी मोकळी पळते. मग शॉक. स्प्रिंगवर नुसती उडणारी गाडी आणि तेलाच्या शॉकवर बसणारी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. तेल जाड केले, पातळ केले, की स्वभाव बदलतो, आणि बाटली तशी स्वस्त असते. त्यानंतर डिफरन्शियल. इतके झाल्यावर मोटर. आर्मचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम सर्वांत शेवटी, कारण प्लास्टिकचा आर्म ठोकर बसली की वाकून परत येतो. धातूचा आर्म एकदा वाकला की वाकलाच, किंवा तोच धक्का पुढच्या महागड्या भागाला देतो.

ही यादी कायमची नाही. लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आल्यावर साठ्याची टंचाई संपली आणि ताकद इतकी वाढली की ती झेलणारे भाग कमी पडू लागले. आज शर्यतीच्या अनेक गाड्या पुन्हा शाफ्टवर चालतात. बॉल डिफरन्शियलच्या जागीही बऱ्याच ठिकाणी सिलिकॉन तेलात बुडालेले गिअर आले आहेत. १९८५ मध्ये मागे पडलेली वाट तीस वर्षांनी राजरस्ता झाली. शाफ्ट तेव्हा वाईट नव्हता आणि पट्टा आज वाईट झालेला नाही. फक्त टंचाईची जागा बदलली.

इस्राफचा हिशेबही मला असाच वाटतो. आपल्या घरांत हा शब्द रकमेकडे बघून वापरला जातो: जास्त खर्च म्हणजे उधळपट्टी. पण ज्या खर्चातून काही समजते, हाताला हुनर येते, तो थोडा जास्त झाला तरी वाया गेला असे मी म्हणणार नाही. उलट, जिथे उणीव नाही तिथे केवळ शेजाऱ्याच्या गाडीवर आहे म्हणून बसवलेला स्वस्तातला पार्टही उधळपट्टीच. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली बेअरिंग काढायला शिकतात, ती कुणाच्या तरी गाडीवर आणि पोटासाठी. त्यांच्यातल्या एखाद्याला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आनंदासाठी गिअर उघडून बघता येत असेल, तर त्याला आधी गप्प बसवण्यापेक्षा विचारावे: बाळा, गाडी कुठे कमी पडतेय? याचे उत्तर त्याला देता आले, तर पैसे योग्य जागी लागले.