‘अपडाऊन करणे’ : एका क्रियाप्रयोगाचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातील वरठी येथील रेल्वे स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’ असे आहे. येथून जाणारा नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग 1880 च्या दशकाच्या आरंभी वाहतुकीस खुला झाला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन पुढे रुंदमापी केला. अशा लोहमार्गांबरोबर मराठीत जे शब्द आले, त्यांत ‘अप’ आणि ‘डाऊन’ ही जोडी भाषाशास्त्रदृष्ट्या विशेष लक्षणीय होय.

इंग्रजीत ही अव्यये धातूस जोडली जाऊन नवे अर्थ निर्माण करतात. परकीयांस हे प्रयोग अतिशय कठीण वाटतात, हे सॅम्युएल जॉन्सनने आपल्या 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. लोगन पीअरसॉल स्मिथ याने 1925 मध्ये त्यांस ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा रूढ केली.

मराठीची घडण याहून भिन्न आहे. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे या धातूंत दिशा मूळचीच सामावलेली असते. निराळ्या अव्ययाची गरज पडत नाही. ‘ईट अप’ मधील पूर्णतेचा अर्थ मराठी ‘खाऊन टाकणे’ अशा संयुक्त क्रियापदाने व्यक्त करते. भारतीय इंग्रजीत गाडीतून उतरण्यास ‘गेट ऑफ’ ऐवजी ‘गेट डाऊन’ म्हणतात, त्यामागे ‘उतरणे’ यासारख्या देशी धातूंचे पाठबळ असावे.

इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि तेथून येणारी ‘डाऊन’. हिंदुस्थानातील रेल्वेनेही हा संकेत आपापल्या सोयीने स्वीकारला. मराठीने मात्र ही दोन्ही अव्यये एकत्र जोडून त्यांचे नाम बनविले आणि त्यास ‘करणे’ हा स्वतःचा धातू दिला. ‘तो वरठीहून नागपूरला अपडाऊन करतो’ या वाक्यात वरची वा खालची दिशा उरलेली नाही. एका गावी राहून दुसऱ्या गावी नित्य जाऊन येणे, एवढाच अर्थ आहे. म्हणूनच एस. टी. ने वा दुचाकीने जाणाराही ‘अपडाऊन’च करतो. ‘गाडी ब्रेकडाऊन झाली’ या प्रयोगातही हीच प्रक्रिया दिसते : इंग्रजी क्रियापद नामवत होते आणि क्रियेचा भार मराठी धातू वाहतो.

अशा प्रयोगांस केवळ ‘भ्रष्ट इंग्रजी’ म्हणून बाजूस सारणे शास्त्रशुद्ध नव्हे. शब्द परके असले, तरी त्यांना वाक्यात जागा देणारे व्याकरण मराठीचेच आहे.