घाटाची राणी कोण?

कामधंदा उरकून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताई, काकू आणि आज्यांना आमच्या बचत गटाचा रामराम.

आज बोलायचंय ते बैलगाड्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हा तर गड्यांचा विषय. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण यंदा यात्रेआधी कमिटीकडून गटाला निरोप आला, "बक्षीस समारंभाला पाच मुली द्या. नऊवारी, डोक्याला फेटा, हातात आरतीचं ताट." आम्ही लगेच हो म्हणालो. तेव्हा गटातल्या एका ताईंची बारावी झालेली मुलगी म्हणाली, "मला ताट नको. मला गाड्यापुढं घोडी पळवायचीय."

झालं! मिटिंगमध्ये बचतीचा हिशेब राहिला बाजूला. एक आजी म्हणाल्या, "पडली, हातपाय मोडला, तर लग्न कसं जमायचं?" दुसऱ्या म्हणाल्या, "स्टेजवर मानानं उभी राहायची सोडून धुरळ्यात कशाला जाते?" निर्णय झाला नाही. मग आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू, बायकांनी पूर्वी काय केलं ते बघू.

आपल्याकडची शर्यत तुम्हाला ठाऊक आहे. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावात चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. गाड्याला बैल जुंपतात आणि पुढं घोडी पळते. बैल त्या घोडीमागं झेपावतात. म्हणजे घोडीवर बसणाऱ्याचं काम शोभेचं नाही. तो बिचकला तर सगळी बारी वाया. सगळ्यात कमी वेळात जाणाऱ्या गाड्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. राजा आहे, राणी मात्र ऐकली नव्हती. वासराला लहानाचं मोठं करणारी, वैरण-पाणी बघणारी, शेण काढणारी घरातली बाई. घाटावर मात्र तिची जागा लांब, झाडाखाली.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, त्यालाही कोर्टाची स्थगिती मिळाली. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. त्यानंतरच्या शर्यतींत आपल्या पुणे जिल्ह्यात घोडीवर बसलेल्या मुलीही लोकांनी पाहिल्या. म्हणजे आमच्या गावची मुलगी काही जगावेगळं मागत नव्हती.

आता जरा आपल्याच मावळात मागं जाऊ. तळेगाव दाभाडे आपल्या सगळ्यांच्या जाण्यायेण्यातलं. तिथल्या उमाबाई दाभाडे. त्यांचे पती सरसेनापती खंडेराव 1729 मध्ये गेले. थोरला मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला, तो 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडला. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना दिलं, पण ते वयानं लहान होते. कारभार बघितला उमाबाईंनी. 1732 मध्ये त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातले, अशी आठवण सांगतात. पुढं पेशव्यांशी त्यांचा झगडा झाला, कैदही वाट्याला आली आणि 1753 मध्ये त्या वारल्या. विचार करा, पद मुलाच्या नावावर आणि लगाम आईच्या हातात. लोक आज सरसेनापती म्हणून नाव मात्र उमाबाईंचंच घेतात.

याच्या अगदी उलट गोष्ट आम्हाला अमेरिकेत सापडली. तिथं आपल्या बैलगाड्यासारखाच गुराख्यांचा खेळ आहे, त्याला रोडिओ म्हणतात. उधळलेल्या घोड्यावर टिकून बसायचं, पळत्या वासराला दोर टाकून धरायचं. ओरेगन राज्यातल्या पेंडलटन गावात 1910 पासून ही जत्रा भरते. सुरुवातीच्या काळात तिथं बायकाही उधळ्या घोड्यावर बसायच्या आणि बक्षिसं जिंकायच्या. 1929 मध्ये बॉनी मॅकॅरॉल नावाची नावाजलेली घोडेस्वार तिथं घोड्यावरून पडली आणि काही दिवसांनी वारली. त्यानंतर पेंडलटननं बायकांचा तो खेळ बंद केला. पुरुषही पडायचे, मरायचे, त्यांचा खेळ मात्र चालू राहिला. हळूहळू बाकीच्या गावांतूनही बायकांचे असे खेळ मागं पडले.

मग बायकांना काय उरलं? रोडिओची राणी. गावातली एक तरुण मुलगी निवडायची, टोपीवर मुकुट चढवायचा, अंगावर पट्टा घालायचा. 1931 मध्ये टेक्सासमधल्या स्टॅमफर्डच्या जत्रेत तर शोभा यावी म्हणून गावोगावच्या मुली बोलावल्या. त्यांचे कपडे बघायचे, घोडा बघायचा आणि घोडा कसा चालवते तेही बघायचे. पण त्या मुली घोड्यावरच वाढलेल्या. त्या चालवण्याच्या परीक्षेतूनच पुढं पिपांना वळसे घालत घोडा पळवायची शर्यत वाढली. 1948 मध्ये टेक्सासमध्ये 38 बायका एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. नियम ठेवा, आमच्या खेळाला बक्षीस ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्या महासंघासारखंच की!

राणीचा मान आजही आहे, आणि तो फुकट मिळत नाही. तिला घोडा उत्तम चालवावा लागतो, भाषण करावं लागतं, जनावरांच्या देखभालीचे प्रश्न विचारतात. झेंडा घेऊन ती भरधाव मैदानात शिरते. त्या मुलीला आम्ही हलकी म्हणत नाही. आमच्या पाच मुलींच्या ताटालाही हलकं म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे, मान दिल्यावर लगामही देता का?

हा प्रश्न घाटापुरता नाही. 2011 पासून आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. खुर्चीवर ताई आणि कागद बघणार दादा, हे आपण पाहतोच ना? गटाच्या कर्जावर सही आपली आणि पैसे कुणाच्या खिशात, हेही प्रत्येकीनं स्वतःला विचारावं.

पुढच्या मिटिंगला आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. लग्नाचं विचारणाऱ्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी नांगर धरला तेव्हा कुणी विचारलं नाही पडशील का म्हणून." गटानं कमिटीला अर्ज दिला. पहिलं, मुलगी आधी सराव करील, डोक्याला हेल्मेट घालील, घाटावर ॲम्ब्युलन्स हवी. दुसरं, लाऊडस्पीकरवर तिचं नाव बाकीच्या स्वारांसारखंच पुकारायचं. तिसरं, बैलांची डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे आणि चाबूक, टोचणी चालणार नाही. मुक्या जनावराला छळून मिळालेला मान आम्हाला नको.

कमिटीनं यंदा एकच सरावाची बारी दिली, शर्यतीच्या आदल्या दिवशी. ती मुलगी घोडीवर बसली. आम्ही सगळ्या झाडाखालून उठून घाटाच्या कडेला गेलो. धुरळा उडाला, घोडी वर पोहोचली, मुलगी बसलेली होती. तिच्या आईनं तेव्हा कुठं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटही धरलं, बाकीच्या चौघींबरोबर. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव घालायचं कमिटीनं तोंडी कबूल केलंय. आम्ही ते लेखी मागितलंय. तुमच्या गावच्या घाटावर काय चालतं, ते मिटिंगमध्ये बोला आणि आम्हाला कळवा.

रामराम.