आपल्या संगणक कक्षातला बीबीसी मायक्रो



प्रयोगशाळेच्या शेजारची ती खोली आठवते का? दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी, दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडक्यांना निळे पडदे आणि टेबलांवर शिवणाच्या बाईंनी शिवून दिलेल्या कापडी झाकणांखाली दोन यंत्रं. त्यातलं एक चालू, दुसरं कायम ‘दुरुस्तीला आहे’. भिंतीवर सूचना : हात लावू नये. आपण सातवीत, म्हणजे १९९२ मध्ये, पहिल्यांदा त्या खोलीत गेलो. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं चपला काढण्यात आणि रांग लावण्यातच जायची.

स्मरणिका समितीने मला ‘आयटी क्षेत्रातली वाटचाल’ असा विषय दिला होता. पण त्या वाटचालीत तुम्हाला सांगण्यासारखं फार काही नाही. त्याऐवजी त्या खोलीतल्या यंत्राचा इतिहास लिहिते. गेली तीन वर्षं मी त्यातच अडकले आहे.

झालं असं की, एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मुलीबरोबर फिरत होते. एका पथारीवर पितळी तांब्या आणि बंद पडलेल्या मिक्सरच्या मध्ये एक पिवळट पडलेला कीबोर्ड दिसला. काळ्या कळा आणि वरच्या रांगेत दहा लालसर कळा. विक्रेता त्याला ‘विलायती टाइपरायटर’ म्हणत होता. मी तिथेच उकिडवी बसले. त्या लाल कळा मी कुठेही ओळखल्या असत्या. घासाघीस न करता पैसे दिले, याबद्दल मुलगी मला अजून चिडवते.

आता या यंत्राची जन्मकथा. १९७८ साली बीबीसीने एक माहितीपट दाखवला. मायक्रोप्रोसेसर आल्यावर नोकऱ्यांचं काय होणार, हा त्याचा विषय. त्यातून ब्रिटनमध्ये मोठी चर्चा झाली आणि लोकांना संगणक शिकवण्यासाठी बीबीसीने एक मोहीमच आखली. दूरदर्शन मालिका करायची आणि तिच्याबरोबर लोकांना घरी वापरता येईल असा संगणकही द्यायचा. हे काम मिळवायला अनेक कंपन्या धडपडत होत्या. केंब्रिजची अकॉर्न ही त्यातली एक छोटी कंपनी. तिथले सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोन तरुण अभियंते. एका आठवड्यात नमुना तयार करता येईल का, असं विचारल्यावर दोघांनीही अशक्य म्हणून सांगितलं. तेव्हा कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाऊझर यांनी विल्सनला सांगितलं की फर्बर ‘जमेल’ म्हणतोय आणि फर्बरला सांगितलं की विल्सन ‘जमेल’ म्हणतेय. आठवडाभर सगळे रात्रंदिवस खपले आणि बीबीसीची माणसं आली तेव्हा नमुना चालू होता. कार्यालयीन जीवनात मी बऱ्याच व्यवस्थापकांच्या लोणकढ्या पाहिल्या, पण इतकी फळाला आलेली दुसरी नाही.

१९८१ च्या डिसेंबरमध्ये हा संगणक बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. आपल्या शाळेत होतं ते ‘मॉडेल बी’. ६५०२ नावाचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ किलोबाइट. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं ‘सुप्रभात’चं फुलांचं चित्र या मेमरीत मावणार नाही. पण यातली बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी फार देखणी लिहिली होती. बटण दाबलं की एका क्षणात यंत्र तयार. पडद्यावर एक खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ. म्हणजे यंत्र तुमच्याकडून काहीतरी ऐकायला थांबलंय.

बीबीसीचा अंदाज होता की असे १२,००० संगणक खपतील. प्रत्यक्षात पंधरा लाखांच्या घरात खपले आणि ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत पोचले. आणि भारतात? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा पथदर्शी प्रकल्प काढला. शाळांमधून संगणक साक्षरता आणि अभ्यास, असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ. सुरुवात सुमारे अडीचशे शाळांपासून झाली. पुढे एकूण १२,००० बीबीसी मायक्रो राज्य सरकारांमार्फत शाळांना वाटले गेले. म्हणजे बीबीसीने सगळे मिळून जेवढे खपतील असं धरलं होतं, तेवढे एकट्या भारतातल्या शाळांत आले. अकॉर्नच्या परवान्याने मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीत त्याची भारतीय आवृत्तीही तयार होत असे, ‘युनिकॉर्न’ नावाने. त्याच कंपनीचा चिप बनवण्याचा विभाग १९८९ साली आगीत जळाला, ही भारतीय इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातली मोठी हळहळ.

या प्रकल्पाला पुढे बरीच नावं ठेवली गेली आणि त्यात तथ्य होतं. पुस्तिका इंग्रजीत, प्रोग्रॅम ब्रिटनच्या अभ्यासक्रमाचे, शिक्षकांना जुजबी प्रशिक्षण, बिघाड झाला तर दुरुस्त करणारा जिल्ह्यातही नाही. शिवाय साधा हिशेब बघा. आपल्या तुकडीत साठ जण, चालू यंत्र एक. तिघातिघांचे वीस गट आणि हातात उरलेली पंचवीस मिनिटं. म्हणजे गटाला सव्वा मिनिट. त्यात वीज गेली की पाळी गेली. १९९३ नंतर योजनेचं रूप बदललं आणि हळूहळू नव्या पीसींनी या यंत्रांची जागा घेतली. आपल्या शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये दोन्ही यंत्रांपुढे लाल शाईने ‘निर्लेखित’ असा शेरा आहे, वर्ष २००१. ती वजनावर भंगारात गेली.

जुन्या बाजारातलं यंत्र घरी आणून उघडलं. या यंत्राच्या खोक्याला चार स्क्रू असतात आणि त्यांच्याजवळ चक्क ‘फिक्स’ असं छापलेलं असतं. आत धुळीचा थर आणि झुरळांची अंडी. वीजपुरवठ्याच्या डब्यात पिवळसर पारदर्शक वेष्टणाचे दोन कपॅसिटर असतात. वेष्टणाला बारीक तडे जातात, हवेतला दमटपणा आत शिरतो आणि वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र चालू केलं की ते फुटून खोलीभर घाण वासाचा धूर होतो. जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्यांना हे पहिल्या दिवशी कळतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण पहिल्या दिवशी मी उत्साहाने बटण दाबलं होतं. सासूबाईंनी मेन स्विच बंद केला.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवे कपॅसिटर आणले. कॉलेजनंतर हातात न धरलेलं सोल्डरिंग आयर्न धरलं. बोट भाजलं, पण डबा सुधारला. आता यंत्र जिवंत झालं, पण बोलेना. बीबीसी मायक्रो चालू केला की आधी एक जाडा आवाज येतो आणि लगेच एक बारीक ‘पीं’. आठवतंय ना? आपण वर्गात तोंडाने काढायचो. माझ्या यंत्राचा जाडा आवाज मात्र थांबतच नव्हता. याचा अर्थ आत काहीतरी अडलंय. सगळ्या चिपा एकेक करून खोबणीतून काढल्या, पाय साफ केले, परत बसवल्या. फरक नाही. मग कळलं की या यंत्रात एकाच जातीच्या दोन चिपा आहेत. एक कीबोर्ड आणि आवाजाचं काम बघते, दुसरी प्रिंटर आणि बाहेरच्या जोडण्यांचं. दुसरीवाचून यंत्र चालू शकतं, पहिलीवाचून नाही. दोघींच्या जागा बदलल्या. रात्री साडेअकरा वाजता जाडा आवाज, आणि मग ‘पीं’.

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. रोज ज्या यंत्रणांवर काम करते, त्यातला माझा वाटा समुद्रातल्या थेंबाएवढा. ती सगळी कुणा एकाला समजते असं नाही. हे यंत्र मात्र पूर्ण समजतं. कुठली तार कुठे जाते ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. तो आनंद मी कुठेतरी विसरले होते. त्यानंतर आणखी तीन यंत्रं घरात आली. त्यातलं एक आपल्याच तुकडीतल्या, आता इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मित्राने सामानातून आणून दिलं. प्रत्येक यंत्र उघडल्यावर तीच गोष्ट दिसली. यंत्रं वापरून झिजली नव्हती. दमट जागी, हात न लागता पडून राहिल्याने खराब झाली होती.

मग मी आपल्या सरांना फोन केला. सर मूळचे गणिताचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ‘गोटू’ ही आज्ञा ते ‘गोटो’ अशी उच्चारायचे आणि आपण त्यांना काय नाव ठेवलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. मी चाचरत ओळख सांगितली. पलीकडून हसून उत्तर आलं, “बोल गं. गोट्या सरच बोलतोय.” म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

भेटायला गेले तेव्हा ‘हात लावू नये’ या पाटीचा विषय काढला. सर म्हणाले, “अगं, डेड स्टॉकची वस्तू. फुटली असती तर माझ्या पगारातून वसुली. आणि मला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. तुमच्यापेक्षा दोन पानं पुढे असायचो, इतकंच.” मग त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढली. इंग्रजी पुस्तिका रोज रात्री वाचून त्यांनी आपल्यासाठी मराठीत उतरवलेले धडे. आपण फळ्यावरून उतरवून घेतलं ते सगळं त्यात आहे. नाव पडद्यावर न थांबता पळवणारा दोन ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा. ‘वेलकम’ कॅसेटवरच्या पिवळ्या नदीच्या राज्याचा खेळही आहे. बांधावर किती माणसं, शेतात किती, राखणीला किती, यावर आपण भांडायचो. सरांनी त्याच्या बाजूला गुणोत्तराची उदाहरणं करून ठेवली आहेत.

वहीच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता आहे. हजेरी क्रमांक, तारीख आणि प्रत्यक्ष कीबोर्डवर कुणाचा हात पडला त्याची खूण. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांपुढे भरपूर खुणा, मुलींपुढे अवघ्या चार. खाली शेरा : ‘मुली मागे उभ्या राहतात. सुट्टीनंतर हजेरीपट उलटा घेणे.’ आपल्या हजेरीत आधी मुलं, मग मुली आणि मुलींमध्येही माझा नंबर जवळजवळ शेवटचा. पट उलटल्यावर मी पुढे आले. त्या वर्षभरात माझ्यापुढे अकरा खुणा आहेत.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला आपणहून आवड लागली, सरांना मी हुशार वाटले म्हणून त्यांनी मला कीबोर्ड दिला. तसं नव्हतं. कुणीतरी यादी उलटी केली होती. अभियांत्रिकीचा अर्ज भरताना संगणक शाखा लिहायला माझा हात कचरला नाही, कारण तोवर तो यंत्राला लागलेला होता.

या यंत्राची पुढची गोष्टही सांगायला हवी. विल्सन आणि फर्बर यांनीच पुढे एक नवा प्रोसेसर आखला. तो कसा चालेल हे त्यांनी आधी बीबीसी मायक्रोवर, बेसिक भाषेत तपासून पाहिलं. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप चालू झाली. तिचं नाव एआरएम. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आज बहुतेक तिचाच वंशज आहे. आपण ज्याला चपला काढून, लांबून बघत होतो, त्या यंत्राच्या घराण्यातलं यंत्र आपण आता उशाशी घेऊन झोपतो.

‘क्लास’ प्रकल्प फसला, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. सरांचा तक्ता तेच सांगतो. साठ जणांपैकी तिघांपुढे वर्षअखेरपर्यंत एकही खूण नाही. सरांनी त्या तीन क्रमांकांभोवती गोल करून ठेवले आहेत. पुढच्या वर्षी आपल्याला कार्यानुभवाला शेती आली आणि संगणकाचा तास गेला. ती पाळी राहूनच गेली.

म्हणून संमेलनाच्या दिवशी माझं यंत्र मी त्याच खोलीत मांडणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. झाकण आणि पाटी नसेल. आताच्या मुलांनीही यावं आणि हवी ती कळ दाबावी. बिघडलं तर मी दुरुस्त करीन. बटण सर दाबतील. पण पहिल्या तीन पाळ्या राखून ठेवल्या आहेत. तुम्ही तिघं कोण ते मला माहीत आहे. जेवणाची घंटा होण्याआधी या.